सात नंबरचा डबा

"ओढू नका! अहो, तुम्हाला सांगतेय, ओढू नका त्याला!"

भुंगे सांभाळणाऱ्या बाईंचा हा आवाज संग्रहालयाच्या तिन्ही मजल्यांवर ओळखीचा होता. त्या दिवशी तो ऐकून भुंग्यांच्या खोलीतला एक गृहस्थ दचकला, आणि दचकल्यामुळे त्यानं नेमकं तेच केलं. त्याच्या शर्टावर शिंगवाला भुंगा बसला होता. तो चिमटीत धरून त्यानं खसकन ओढला. भुंगा हातात आला, पण पुरता आला नाही. डावीकडच्या मधल्या पायाचं टोक, नखं असतात तेवढं, शर्टाच्या विणीत अडकून राहिलं.

"एवढासा तर तुकडा आहे," गृहस्थ म्हणाला. "येईल की परत."

"तुमचं बोट येतं का परत?"

"बाई, तोंड सांभाळून बोला."

"तुम्ही हात सांभाळा, मी तोंड सांभाळते."

गृहस्थ तक्रार करायला खाली गेला. बाईंनी भुंगा ओंडक्यावर ठेवला. मोडका पाय टेकला की तो घसरायचा, पुन्हा टेकायचा, पुन्हा घसरायचा. बाई रागावल्या की रडत नाहीत, काहीतरी पुसत बसतात. त्या टेबल पुसू लागल्या.

"काका," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "भुंगा धरून बसतो तो काय हट्टानं? वाऱ्यात फांदीवर टिकायचं तर धरायलाच हवं त्याला. आपण त्याला काढायचं नसतं, त्यानं सोडायचं असतं. पुढ्यात बोट ठेवायचं, मागून हळूच स्पर्श करायचा, आणि थांबायचं."

"आणि नाही सोडलं तर?"

"तर आणखी थांबायचं. कुठे जायचं असतं लोकांना एवढं?"

मी तिथे पाट्या लिहायचो. चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. निवृत्त झाल्यावर घरात बायकोच्या पायात पायात येऊ लागलो, म्हणून रोज दोन तास संग्रहालयात जायचं ठरलं. प्राण्याचं नाव आणि खाली चार ओळी. चार ओळींपेक्षा जास्त मला खात्रीनं काही सांगता येत नाही. बाई पन्नाशीच्या, मी पंचाहत्तरीला टेकलेला. त्या मला 'काका' म्हणत, मी त्यांना सगळ्यांसारखं 'बाई' म्हणे. आमचं बरं जमायचं, कारण त्या बोलायच्या आणि मी ऐकायचो.

भुंग्यांची खोली वरच्या मजल्यावर, जिन्याच्या शेवटी होती. दाराला वर काच, आत भिंतीशी जाळीच्या झाकणांचे दहा डबे. कुजवलेल्या लाकडाचा भुसा आणि पानांचा चुरा यांचं मिश्रण त्यांत भरलेलं असे. बाई त्याला नुसती 'माती' म्हणत. त्या मातीचा एक दमट वास खोलीत असे. काहींना तो घाण वाटे. मला जुन्या पुस्तकांच्या कपाटासारखा वाटे, पण हे मी कुणाला बोललो नाही.

त्या वेळी मोठे भुंगे सहा होते, सगळे म्हातारे. मोठा झाल्यावर भुंगा काही महिनेच जगतो. ते फार तर दोन महिने काढतील, असं बाई म्हणत. पुढचं सगळं सात नंबरच्या डब्यात होतं. बाईंनी अंड्यांपासून वाढवलेल्या अकरा अळ्या, एकेक अंगठ्याएवढी जाड, खाणं थांबवून तळाशी गेल्या होत्या. तिथे प्रत्येकीनं अंग घुसळून घुसळून मातीत आपल्यापुरती एक खोली केली होती, आतून गुळगुळीत, अंड्याच्या आकाराची. तिचा त्या खोलीत कोष होतो आणि कोषाचा भुंगा. एका अळीनं खोली नेमकी डब्याच्या भिंतीला लागून केली होती, त्यामुळे आतलं दिसायचं. बाईंनी मला एकदा टॉर्च धरून दाखवलं. तांबूस, ओलसर, शिंगाचा उंचवटा आलेला कोष पाठीवर निजला होता. उजेड पडताच त्यानं पोट गर्रकन फिरवलं.

"रागावला," बाई हळूच म्हणाल्या. त्यांचा आवाज इतका हळू होऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. "आता तीन-चार आठवडे या डब्याला हलवायचंसुद्धा नाही. ही खोली मोडली की संपलं. बाहेर पडताना त्याला पालथं व्हायला, पंख पसरून वाळवायला तेवढी जागा आणि तेवढी गुळगुळीत भिंत लागते. नाही मिळाली तर पंख चुरगळतात, मग तो जन्मभर तसाच."

हे अकरा गेले तर खोलीही जाणार होती. संचालकांना, म्हणजे आमच्या साहेबांना, तिथे मोठा पडदा लावायचा होता. पडद्यावरचे भुंगे वास मारत नाहीत, असं त्यांनी एका बैठकीत म्हटलं होतं आणि लोक हसले होते. मीही थोडासा हसलो होतो. बाई नव्हत्या हसल्या.

त्या गृहस्थाच्या तक्रारीवर साहेबांचा निरोप आला: नियम लेखी लावा, आरडाओरडा नको. म्हणून दुसऱ्या दिवशी बाई सांगत गेल्या आणि मी वहीत उतरवत गेलो. हाताला क्रीम किंवा अत्तर असेल तर आधी हात धुवा. भुंगा टेबलावरच हाताळा, उभ्यानं नाही, पडला तर पाय मोडतो. डबा साफ करताना आधी मोजा, नंतर मोजा. अळी बोटांनी उचलू नका, तिच्याखालच्या मूठभर मातीसकट उचला. साबण नाही, फिनेल तर नाहीच, नुसतं गरम पाणी. जुनी माती सगळी टाकू नका, तिसरा हिस्सा ठेवा, त्यांचं पोट तिच्यावर चालतं.

शेवटी त्या म्हणाल्या, "आणि मोठ्या अक्षरांत लिहा. सात नंबरच्या डब्याला हात लावायचा नाही. कुणी सांगितलं तरी नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही."

मी घरी जाऊन चांगल्या कागदावर ते लिहायला बसलो. आधीचे सगळे नियम बाईंनी सांगितले तसेच उतरले. शेवटच्या नियमाशी मात्र माझं पेन अडलं. हे असं लावायचं भिंतीवर? साहेब वाचतील. त्यांना वाईट वाटेल. पुन्हा मनात आलं, नियम इतका उघडा असू नये, त्याला कुठेतरी अपवाद असावा. छापखान्यात मी शेकडो नियमावल्या तपासल्या होत्या. त्या सगळ्यांत असायचा. मी लिहिलं: 'सात क्रमांकाच्या डब्यास विशेष कारणाशिवाय कृपया हात लावू नये.' वाक्य वाचून पाहिलं. छान घोटीव वाटलं. मी त्याखाली एक रेघही मारली.

बाईंनी कागद वाचला. "माझं शेवटचं वाक्य कुठे गेलं?"

"अर्थ तोच आहे," मी म्हणालो. "जरा सौम्य केलंय."

त्यांच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. त्यांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, दोन दिवस रजा हवी होती. त्यांनी कागद भिंतीला चिकटवला. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "सातकडे लक्ष ठेवा. तुम्ही आहात म्हणून जातेय."

पहिल्या दिवशी काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब वर आले. मागे बादली आणि ब्रश घेऊन नाना. नाना आमच्याकडे सफाईला होता, माझ्याहून जुना. साहेबांनी दारातच नाकाला रुमाल लावला.

"शुक्रवारी पाहणीला समिती येतेय, काका. हा वास गेला पाहिजे. नाना, सगळे डबे रिकामे करून धुवून काढ. नवीन भुसा भर. चकाचक दिसले पाहिजेत."

नानानं माझ्याकडे बघितलं. "काका, सातला हात लावू नका म्हणाल्या होत्या ना बाई?"

मी उठलो. तोंडानं काही न बोलता भिंतीवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. मला वाटलं, लिहिलेलं आहे, ते बोलेल. साहेबांनी वाकून वाचलं, मोठ्यानं, शब्द सुटे सुटे करत.

"'विशेष कारणाशिवाय.' मग? समिती येतेय हे विशेष कारण नाही तर काय आहे? तुम्हीच लिहिलंय ना हे?"

"हो," मी म्हणालो.

"छान लिहिता हो तुम्ही." त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि गेले.

नाना अजून माझ्याकडेच बघत होता. "काय करू?"

मी काय म्हणालो ते मला अक्षर न अक्षर आठवतं. आठवायचं नसलं तरी आठवतं. मी म्हणालो, "साहेब म्हणताहेत तर..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांची अर्धवट वाक्यं पुरी केली, आणि हे एक माझं असं लोंबकळत राहिलं. नानानं ते आपल्या परीनं पुरं केलं. मी तोंडात गुळणी धरून कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसलो, पुस्तक उघडलं आणि दीड तास एकाच पानावर होतो.

सातचा डबा नानानं वर्तमानपत्रावर पालथा केला. त्याचा काही दोष नव्हता. तो हलक्या हातानंच करत होता. पण तळाची माती घट्ट ढेकळं होऊन निघाली, आणि ढेकळं दिसली की फोडायची, हे कुणालाही सुचेल. त्यानं ती हातानं फोडली. ती ढेकळं नव्हती. त्या खोल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. खांद्यावरची पिशवीही खाली ठेवली नाही, सरळ सातपाशी गेल्या. डबा लख्ख होता, साबणाचा वास येत होता. आत नवा कोरडा भुसा. त्यांनी तळवा घालून वरचा थर बाजूला केला. कोष कसेही, एकमेकांवर, कुणी पालथा, कुणी कडेवर. त्यांनी मोजले. आधी मोजा, नंतर मोजा. सात. उरलेले चार नानानं कागदाच्या पुडीत वेगळे ठेवले होते, कारण त्यांतून पाणी आलं होतं.

"कुणी?"

नाना रडवेला झाला. "साहेबांनी सांगितलं, बाई. मी काकांना विचारलं होतं."

बाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं होतं त्या ओरडतील. मी त्याची तयारी करून आलो होतो. त्या ओरडल्या नाहीत.

"तुम्ही इथे होतात?"

"हो."

"काही म्हणालात?"

"मी... कागद दाखवला."

"कागद दाखवला." त्या भिंतीकडे गेल्या, कागद फाडून काढला, माझ्या हातात कोंबला. "इथे ते टेबलही होतं, काका. तेही गप्पच होतं. पण टेबलाच्या भरवशावर मी आईकडे गेले नव्हते!"

आता आवाज चढला होता. "साहेबाला काय कळतंय, त्याला मी माणसांतच धरत नाही. त्याला भुंगा आणि शर्टाचं बटण सारखंच. पण तुम्हाला मी टॉर्च धरून दाखवलं होतं! तुम्हाला ठाऊक होतं आत काय आहे. ठाऊक असून बसून राहिलात. काय वाचत होतात तेव्हा? सांगा ना. चांगलं होतं का पुस्तक?"

बोलण्यासारखं काही असतं तर ते कालच बोलायचं होतं.

"उभे काय राहिलात? फुलवाल्याकडे जा. गुच्छात फुलं खोचायचा तो हिरवा स्पंज असतो ना, तो आणा. चार विटा. पळा!"

पंचाहत्तराव्या वर्षी मी पळालो. रस्त्यात लोक बघत होते. बघू देत. फुलवाला म्हणाला, "आजोबा, कसला समारंभ आहे एवढा?" मी त्याच्यावर खेकसलो, "समारंभ नाही, वीट दे!" तो बिचारा वीट द्यायला धावला. माझा आवाज असा निघू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. आणि निघाला कुणावर, तर फुलवाल्यावर. याची लाज रस्ताभर माझ्याबरोबर चालत होती.

बाईंनी स्पंज पाण्यात बुडवला, दाबून पाणी काढलं आणि चमच्याच्या पाठीनं त्यात खळगे केले. अंड्याच्या आकाराचे, एका बाजूला किंचित चढ, डोकं वर राहावं म्हणून. बोट फिरवून फिरवून आतली भिंत गुळगुळीत केली. मग ओल्या मऊ कुंचल्यानं एकेक कोष तळहातावर घेतला आणि पाठीवर निजवला. एकाही कोषाला त्यांचं बोट लागलं नाही. मी टॉर्च धरला होता. उजेड सारखा कोषावरून सरकत होता.

"टॉर्च नीट धरा. तेवढं तरी."

सातपैकी पाच हलले. दोन हलले नाहीत.

घरी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. ती उशांचे अभ्रे बदलत होती.

"म्हणजे साहेब वाईट," ती म्हणाली.

"वाईटच आहे. मूर्ख आहे. दुष्ट आहे."

"आणि हे तुम्ही त्याला कधी सांगितलंत?"

मी चपला कोपऱ्यात सरकवल्या.

"मला सांगून काय उपयोग? जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. तेही समासात, पेन्सिलीनं, म्हणजे हवं तर खोडता यावं." तिनं उशी झटकली. "घ्या, दुसरी बाजू धरा."

मी उशीची दुसरी बाजू धरली. मला तिचा राग आला, बाईंचा आला, साहेबांचा तर इतका आला की त्यांच्या टायचा ठिपक्याठिपक्यांचं कापडसुद्धा डोळ्यांपुढून हलेना. पण सगळ्यांत जास्त राग त्या रेघेचा आला. नियमाखाली मी मारलेली रेघ. पट्टी लावून मारली होती.

शुक्रवारपर्यंत बाई माझ्याशी अक्षर बोलल्या नाहीत. खोलीला कुलूप असायचं आणि किल्ली दोऱ्यात ओवून त्यांच्या गळ्यात. शुक्रवारी सकाळी साहेबांचं फर्मान आलं: बाईंनी म्हातारे भुंगे घेऊन खालच्या सभागृहात यावं, समितीला तिथे दाखवायचे. नानाला खुर्च्या मांडायला आधीच खाली नेलं होतं. बाई जिन्याच्या तोंडाशी भुंग्यांचा डबा घेऊन उभ्या होत्या. वर मी एकटा. त्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग गळ्यातून दोरा काढून किल्ली माझ्या हातात टाकली.

"दुसरं कुणी नाही म्हणून देतेय. विश्वास आहे म्हणून नाही."

त्या खाली गेल्या. मी कुलूप ओढून पाहिलं, किल्ली शर्टाच्या खिशात घातली आणि दारासमोर स्टूल घेऊन बसलो. या वेळी पुस्तक उघडलं नाही.

पाऊण तासानं जिन्यावर पावलं वाजली. साहेब, समितीच्या अध्यक्ष असलेल्या एक पांढऱ्या केसांच्या बाई, आणि मागे आणखी तिघं.

"आणि ही आमची खास गोष्ट," साहेब सांगत होते. "कोष! अगदी हातात घेऊन बघता येतील. मुलांसाठी आम्ही आता हा कार्यक्रमच सुरू करणार आहोत. काका, उघडा."

मी स्टुलावरून हललो नाही.

"नाही," मी म्हणालो.

"काय?"

"नाही उघडत."

साहेब पाहुण्यांकडे वळून हसले. "आमचे काका. जरा वय झालंय." मग वाकून, दात न उघडता, "काका, तमाशा करू नका. किल्ली द्या."

"नाही."

आणि त्यांनी माझ्या खिशात हात घातला. एखाद्या पोराच्या खिशातून चिंचोके काढावेत तसा. मी खिसा दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्यांनी ओढलं. खिशाची शिवण टर्रकन उसवली आणि माझ्या तोंडातून आवाज निघाला:

"ओढू नका!"

तो आवाज फाटका होता, मध्येच चिरकला, पण तिन्ही मजल्यांवर गेला. खाली खुर्च्या सरकवण्याचा आवाज थांबला. साहेबांचा हात तसाच राहिला. मी एकदा उघडलेलं तोंड मिटू शकलो नाही.

"हात काढा! चार मारलेत तेवढे पुरेत! अकरा होते. अकरा! साबणानं धुतलेत तुम्ही. नाकाला रुमाल लावून! तुम्हाला वास येतो, मग खाली बसा ना तुमच्या खोलीत, इथे कशाला येता? आणि मी... मीच लिहून दिलं, विशेष कारणाशिवाय म्हणून. मी बसून होतो. मीही मारलेत. पण आता नाही उघडत. मला ढकलून पाडलंत तरी नाही."

जिन्यावरून धावत कुणी वर आलं. बाई. त्या शेवटच्या पायरीवर थांबल्या, हातात भुंग्यांचा डबा, एक भुंगा त्यांच्या बाहीवर चढलेला. तेवढ्या घाईतही त्यांनी त्याला ओढून काढलं नव्हतं.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "चार काय मेले? नीट सांगा."

मी सांगितलं. नीट नाही सांगितलं, मागचं पुढे, पुढचं मागे. मध्येच खोकला आला. ढेकळांचं सांगितलं, स्पंजाचं सांगितलं, माझ्या त्या वाक्याचंही सांगितलं. साहेब दोनदा मध्ये बोलायला गेले, दोन्ही वेळा अध्यक्षबाईंनी हातानं थांबवलं.

"हातात घेतले तर काय होईल?" त्यांनी बाईंना विचारलं.

"उरलेलेही मरतील."

"मग मी काचेतून बघते." त्या दाराच्या काचेशी गेल्या, दोन्ही हात पाठीमागे बांधून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग खाली गेल्या. त्यांच्या मागे सगळे गेले. साहेब शेवटी. जाताना त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की काय ते मला समजलं.

सोमवारी मला पत्र मिळालं. माझ्या प्रकृतीचा विचार करता पहिल्या तारखेपासून येण्याची तसदी घेऊ नये. सुबक पत्र होतं. एकही चूक नव्हती. समितीनं आपल्या अहवालात भुंग्यांची खोली वर्षभर बाईंच्या ताब्यात जशी आहे तशी ठेवावी असं लिहिलं, हे मला नानाकडून कळलं.

चार आठवड्यांनी नानाच मला बोलवायला घरी आला. "बाईंनी सांगितलंय, या म्हणून. पेन घेऊन या."

मी मागच्या जिन्यानं वर गेलो. बाई टेबलापाशी होत्या. स्पंजाचे तीन खळगे काळे पडून सुकले होते. बाकी चार रिकामे. टेबलावरच्या ओंडक्यावर चार नवे भुंगे होते. दोघांचे पंख पाठीवर चुरगळलेल्या कागदासारखे. ते कधीच मिटणार नव्हते. दोन सबंध होते, चकचकीत. त्यांतला एक शिंगाचा, दुसरीला शिंग नव्हतं.

"एक मादी निघाली," बाई म्हणाल्या. "नशीब म्हणायचं. तुमचं नाही, तिचं."

"तुमचा राग गेला का?" हे मी कसं विचारलं मला ठाऊक नाही.

"नाही." त्या पंख चुरगळलेल्या भुंग्याकडे बघत होत्या. "त्याचे पंख सरळ झाले की जाईल. बसा. लिहा. मोठ्या अक्षरांत. मी सांगते तसं, एक शब्द इकडचा तिकडे केलात तर बघा."

मी कागद पुढे ओढला.

"कोष असलेल्या डब्याला हात लावायचा नाही."

लिहिलं.

"कुणी सांगितलं तरी नाही. साहेबांनी सांगितलं तरी नाही."

लिहिलं. पेन कुठेही अडलं नाही. मी पेनाला टोपण घालणार एवढ्यात त्या म्हणाल्या, "थांबा, अजून आहे. पाटी लिहिणाऱ्यानं सांगितलं तरी नाही."

मी वर बघितलं. त्या हसत नव्हत्या.

तेही लिहिलं. जितकी मोठी जमली तितक्या मोठ्या अक्षरांत.